सात सेकंदांना एक बिट: हायगेन्सच्या रिसीव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी केप कॅनाव्हरलहून कॅसिनी शनीकडे निघालं, तेव्हा त्याच्या कुशीला ताटलीच्या आकाराचं एक उपयान बांधलेलं होतं. व्यास २.७ मीटर, वजन सुमारे ३२० किलो, नाव हायगेन्स. सात वर्षांनी शनीपाशी पोचल्यावर ते सुटं व्हायचं होतं आणि टायटन या शनीच्या सगळ्यांत मोठ्या चंद्राच्या दाट नारिंगी धुक्यात पॅराशूटनं उतरायचं होतं. उतरायला साधारण अडीच तास लागणार होते. जमिनीवर टेकल्यावर बॅटरी टिकेल तेवढा वेळ मिळाला तर तो बोनस.

कॅसिनी नासाचं, चालवणारी संस्था कॅलिफोर्नियातली जेपीएल. हायगेन्स युरोपीय अंतराळ संस्थेचं, म्हणजे ईसाचं, आणि त्याचं नियंत्रण जर्मनीतल्या डार्मस्टाटहून. हायगेन्सच्या छोट्या ट्रान्समीटरला पृथ्वीपर्यंत माहिती पोचवणं शक्य नव्हतं. त्यानं डोक्यावरून जाणाऱ्या कॅसिनीला सांगायचं, कॅसिनीनं ते साठवून ठेवायचं आणि मग अँटेना पृथ्वीकडे वळवून निरोप पोचवायचा, अशी योजना होती. त्यासाठी कॅसिनीवर एक खास रिसीव्हर बसवलेला होता. तो ईसाच्या मालकीचा, इटलीतल्या एका कंपनीनं बनवलेला, आणि बसवलेला अमेरिकी यानावर. अमेरिकी घरात एक युरोपीय बिऱ्हाड, म्हणा ना. हे बिऱ्हाडच या प्रकरणाचं मूळ आहे.

संबंधित व्यक्तींची आणि त्या कंपनीची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. चूक कुणा एकाची नव्हती. दोन्ही टीमांच्या मधे जी जागा होती, जिच्याकडे प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघतोय, तिथे ती राहून गेली होती.

अडचण नेमकी काय होती

डॉप्लर परिणाम शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो. शिट्टी वाजवत येणारी गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो, लांब जाताना उतरतो. रेडिओलहरींचंही तेच. मूळ योजनेत कॅसिनी टायटनच्या दिशेनं सेकंदाला साधारण साडेपाच किलोमीटर वेगानं येत असणार होतं, त्यामुळे हायगेन्सची सुमारे २,०४० मेगाहर्ट्झची वाहक लहर, म्हणजे जिच्यावर माहिती लादून पाठवतात ती मूळ रेडिओलहर, त्याला ३७-३८ किलोहर्ट्झनं चढी ऐकू येणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं, रिसीव्हर त्यासाठी तयार होता आणि वाहक लहर तो अचूक पकडत असे.

पण फक्त पट्टी बदलत नाही, लयही बदलते. तबला वाजवत कुणी भरधाव तुमच्याकडे येतोय असं समजा. थापेचा सूर चढेल, तशा दोन थापांमधलं अंतरही कमी होईल. हायगेन्स सेकंदाला ८,१९२ बिट पाठवणार होतं. साडेपाच किलोमीटरच्या वेगामुळे कॅसिनीला ते किंचित जलद येताना दिसणार होते. फरक किती? दर साडेसहा-सात सेकंदांना एक बिट. ऐकायला काहीच नाही. पण एक बिट कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो हे ठरवणारं जे सर्किट असतं, त्यानं किती फरक सहन करायचा याची मर्यादा आधी ठरवून दिलेली असते. या रिसीव्हरमध्ये ती मर्यादा इतकी अरुंद होती की सूर बरोबर ओळखूनही त्याचा ठेका सुटत होता. आणि ठेका सुटला की शून्य कुठलं आणि एक कुठला हे सांगता येत नाही. हाती येणार होता तो चिखल.

दुरुस्ती खरं तर एका आकड्याची होती. ती मर्यादा थोडी रुंद केली असती तर प्रश्नच उरला नसता. पण तो आकडा रिसीव्हरच्या आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच कायमच्या बसवलेल्या आज्ञावलीत, कोरलेला होता आणि पृथ्वीवरून तो बदलण्याची सोय ठेवलेली नव्हती. रिसीव्हर तर कधीच उडून गेला होता.

हे उड्डाणाआधी कसं कळलं नाही?

संपूर्ण साखळीची चाचणी, म्हणजे उपयानाच्या सिग्नलमध्ये खऱ्यासारखा डॉप्लर घालून तो रिसीव्हरपर्यंत नेऊन पाहणं, यावर विचार झाला होता. पण त्यासाठी तयार, प्रमाणित झालेली उपकरणं पुन्हा सोडवावी लागली असती आणि जोडल्यावर ती सगळी प्रमाणपत्रं नव्यानं मिळवावी लागली असती. वेळ आणि पैसा दोन्ही लागले असते, म्हणून ती चाचणी गळली. दुसरं असं की रिसीव्हरच्या आतली रचना कंपनीची व्यावसायिक गुपितं मानली गेली आणि जेपीएलच्या लोकांनी तिचे तपशील मागून पाहिले नाहीत. परक्या बिऱ्हाडात डोकवायचं नाही, हा सभ्यपणा इथे महागात पडला.

पहिला निर्णय: खोटा हायगेन्स

उड्डाणानंतर अधूनमधून हायगेन्सची तब्येत तपासली जायची. ते जोडलेलं असल्यामुळे या तपासण्यांत वेग शून्य, डॉप्लर शून्य. सगळं उत्तम चालायचं.

डार्मस्टाटला एक स्वीडिश अभियंता होता, रेडिओ यंत्रणांतला जुना हात. त्याला रिसीव्हरची चाचणी डॉप्लरसकट हवी होती. कल्पना अशी: कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या मोठ्या अँटेनानं हायगेन्सचं सोंग घ्यायचं. पृथ्वीवरून हायगेन्ससारखाच सिग्नल कॅसिनीकडे सोडायचा, त्यात वेगानुसार बदल करत राहायचं आणि कॅसिनीवरचा रिसीव्हर काय ऐकतो ते त्यानं परत कळवायचं.

साधी चाचणी करायला कुणाची हरकत नव्हती: नुसती वाहक लहर पाठवा, रिसीव्हर पकडतो का पाहा. सोपी आणि स्वस्त. हा गृहस्थ मात्र अडून बसला की लहरीवर खरी टेलिमेट्री, म्हणजे उपयान पाठवतं तशी माहिती, खरे बिट हवेत, डॉप्लर बिटांनाही लावलेला हवा आणि सिग्नलची ताकदही कमी-जास्त करता आली पाहिजे. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. नुसत्या खात्रीसाठी एवढा गुंता कशाला? त्यानं पाठपुरावा सोडला नाही, काही वरिष्ठ त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि फेब्रुवारी २००० मध्ये चाचणी झाली.

या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा निर्णय मला हा वाटतो, आणि तो संकट दिसण्याच्या आधी घेतला गेला. साधी चाचणी केली असती तर ती शंभर टक्के पास झाली असती, कारण वाहक लहर पकडण्यात रिसीव्हरची काहीच चूक नव्हती. मग फाइलवर 'डॉप्लर चाचणी यशस्वी' असा शेरा पडला असता आणि पुन्हा तो विषय कुणी काढला नसता. चाचणी न करण्याहून हे वाईट.

निकाल असा आला की वाहक लहर ठणठणीत आणि बिटांचा चुरा. डॉप्लर कमी केला की माहिती नीट येई, प्रत्यक्षात अपेक्षित होता तेवढा ठेवला की विस्कटे. बिघाड नुसत्या वेगावर अवलंबून नव्हता. सिग्नलची ताकद किती आणि बिटांच्या ओळीत शून्याचं एक, एकाचं शून्य किती वेळा होतं, यांवरही होता. आलेख काढला तर यश आणि अपयश यांची सीमा सरळ रेषेत येत नव्हती, शार्कच्या दातासारखी दिसत होती. पहिली प्रतिक्रिया अर्थात 'चाचणीतच चूक असेल' ही होती. चौकशी आणि आणखी तपासण्या होऊन दोष रिसीव्हरचाच आहे हे पक्कं व्हायला २००० साल सरलं.

पर्याय

जानेवारी २००१ मध्ये ईसा आणि नासाचा संयुक्त कृतिगट बसला. चार वर्षं हातात होती. यान कुणाच्याच हातात नव्हतं.

काहीच न करण्याचा पर्याय मांडून बाजूला ठेवला गेला, कारण त्यात बहुतांश माहिती बुडत होती. फर्मवेअर बदलणं शक्य नव्हतं. उरला डॉप्लर. समोरचा ऐकण्याची पद्धत बदलणार नसेल तर आपणच त्याला ऐकू येईल असं बोलायचं.

यानाचा वेग कमी करणं सोपं वाटतं, पण शनीच्या ओढीत टायटनपाशी कॅसिनीचा वेग किती असेल हे कक्षाच ठरवते, इंजिनच्या बळावर त्यात फारसा फरक पडत नाही. दिशा मात्र आपल्या हातात असते. रुळाशेजारी उभं राहिलं तर गाडी अंगावर येते. तीच गाडी दूरच्या टेकडीवरून पाहिली तर ती फक्त डावीकडून उजवीकडे सरकते. वेग तोच, पण आपल्या दिशेनं येणारा वेग जवळपास नाही. डॉप्लर फक्त या 'आपल्या दिशेनं' येणाऱ्या हिश्श्याचा असतो. मूळ योजनेत कॅसिनी टायटनपासून अवघ्या १,२०० किलोमीटरवरून जाणार होतं. ते ६५,००० किलोमीटरवरून नेलं तर बराचसा वेग आडवा होणार होता.

किंमत होती. जवळून जाण्याऐवजी लांबून जायचं, म्हणजे टायटननं यानाला जो वळवणारा धक्का द्यायचा तो मिळणार नाही. आणि कॅसिनीचा चार वर्षांचा सगळा दौरा अशाच धक्क्यांवर बेतलेला, टायटनच्या एका भेटीतून पुढची भेट, तीतून पुढची. एक मणी बदलला तर माळच नव्यानं ओवायची. हायगेन्सला बऱ्याच उशिरा, एखाद्या सोयीच्या भेटीत सोडता आलं असतं, पण तेवढा काळ दौऱ्याचं बाकीचं विज्ञान अडकलं असतं आणि वजन वाहत राहावं लागलं असतं.

यावरचा तोडगा मला कल्पक वाटतो. आधीच्या आराखड्यातल्या पहिल्या दोन मोठ्या फेऱ्यांच्या जागी तीन लहान फेऱ्या बसवायच्या. हायगेन्स ६ नोव्हेंबर २००४ ऐवजी २५ डिसेंबरला सुटेल, २७ नोव्हेंबरऐवजी १४ जानेवारी २००५ ला उतरेल आणि फेब्रुवारीपर्यंत कॅसिनी पुन्हा जुन्या दौऱ्यावर येईल. पुढचं सगळं वेळापत्रक जसंच्या तसं. राखीव इंधनाचा मोठा वाटा यात खर्च होणार होता, आणि ते इंधन मोहीम लांबवायला लागणार होतं. तरी तो खर्च मान्य झाला. उतरण्याचा प्रयोग एकदाच करता येतो, मोहिमेची मुदतवाढ नंतर हात आखडून चालवता येते. हा हिशेब मला पटतो.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण हुशारीच्या. रिसीव्हर डॉप्लर शून्य धरूनच ऐकेल अशा स्थितीत ठेवायचा. आणि हायगेन्सला टायटनच्या वातावरणात शिरण्याच्या चार तास आधीच जागं करायचं. त्याचे ऑसिलेटर, म्हणजे लहरीची वारंवारता ठरवणारे भाग, क्वार्ट्झ स्फटिकांचे. ते तापले की त्यांची वारंवारता किंचित सरकते, तेवढी सूट मिळवण्यासाठी. चार तासांची बॅटरी जाणार होती, ती परवडत होती.

अंमलबजावणी

कॅसिनी १ जुलै २००४ रोजी शनीच्या कक्षेत शिरलं. वाढवलेल्या फेरीचा एक फायदा कुणी मागितलेला नव्हता. मूळ योजनेत हायगेन्स टायटनमध्ये बऱ्यापैकी आंधळेपणानं घुसणार होतं. आता २६ ऑक्टोबर आणि १३ डिसेंबर या दोन भेटी आधी झाल्या आणि वातावरणाची घनता गणितात धरल्यासारखी आहे का, हे तपासून घेता आलं.

२५ डिसेंबरला हायगेन्स सुटलं. पुढचे २० दिवस त्याच्याशी बोलण्याची काहीच सोय नव्हती, आत फक्त टायमर चालू होते.

१४ जानेवारीला माहितीच्या आधी नुसता आवाज आला. अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १०० मीटरच्या रेडिओ दुर्बिणीनं हायगेन्सची वाहक लहर थेट पकडली. जेमतेम १० वॅटच्या आसपासचा ट्रान्समीटर, १२० कोटी किलोमीटर अंतर, प्रकाशालाही ६७ मिनिटं लागतात. या लहरीतून माहिती वाचणं शक्य नव्हतं, पण ती आहे म्हणजे पॅराशूट उघडलंय, यंत्र जिवंत आहे. (अशी कान लावून बसण्याची कामगिरी आपल्याकडेही झाली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेल्ली मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं ऐकला होता, आणि उतरण्याच्या जरासं आधी तो थांबला तेही.)

काही तासांनी कॅसिनीचा निरोप आला. बिट नीट जुळलेले होते. २ तास २७ मिनिटांचं अवतरण आणि जमिनीवरची सत्तर-एक मिनिटं, सगळं स्वच्छ. वाहत्या द्रवानं कोरल्यासारखी नाळांची जाळी, आणि जमिनीवर गोलसर झालेले दगड, म्हणजे उणे १७९ अंशांवर दगडासारखं टणक झालेलं पाण्याचं बर्फ. पाच वर्षांपूर्वी एका माणसानं धरलेल्या हट्टामुळे हे वाचलं.

आणि मग दुसरी चूक

हायगेन्स दोन चॅनलवर बोलत होतं, ए आणि बी. बहुतेक माहिती दोन्हींवर सारखी. एक बुडाला तरी दुसरा आहे. कॅमेऱ्याच्या टीमनं मात्र चित्रं दोन चॅनलांत वाटून टाकली होती, म्हणजे दुप्पट चित्रं मिळतील. वाऱ्याचा वेग मोजणारा प्रयोग तर फक्त चॅनल ए वर होता, कारण त्याला लागणारा अतिस्थिर ऑसिलेटर त्याच चॅनलला जोडलेला होता.

कॅसिनीच्या बाजूलाही रिसीव्हरचा तसाच अतिस्थिर ऑसिलेटर होता. तो चालू करण्याचा आदेश कॅसिनीला पाठवलेल्या क्रमात नव्हता. चॅनल ए कोरा आला. सुमारे ७०० चित्रांपैकी ३५० च्या आसपास मिळाली, बाकी गेली. आदेश राहिला ही आपली चूक, हे ईसानं लगेच मान्य केलं.

वाऱ्याचा प्रयोग मात्र वाचला, तोही आडवाटेनं. ग्रीन बँक, ऑस्ट्रेलियातली पार्क्स आणि इतर रेडिओ दुर्बिणींनी पकडलेली वाहक लहर चॅनल ए चीच होती आणि तिच्या सुरातल्या चढ-उतारांवरून वारा मोजता आला. १२० किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे १२० मीटर, आणि ६० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात अनपेक्षितपणे मंद. ज्या डॉप्लरनं मोहीम बुडवत आणली होती, त्याच डॉप्लरनं इथे काम केलं.

काय वेगळं करता आलं असतं

उड्डाणाआधीची पूर्ण चाचणी, हे उघड उत्तर. पण 'सगळ्याची चाचणी करा' हा सल्ला देणाऱ्याला बजेट सांभाळावं लागत नाही. मी त्याऐवजी एवढंच विचारलं असतं: चाचणी गाळताना नेमकी कुठली गोष्ट न तपासता राहतेय, हे कुणी एका ओळीत लिहून ठेवलं होतं का? 'डॉप्लरमुळे बिटदर बदलतो, तो रिसीव्हरला झेपतो का हे पाहिलेलं नाही' अशी ओळ कागदावर असती तर १९९७ च्या आधी कुणाचं तरी डोकं ठणकलं असतं. कागदावर गणित करायलाही अर्धा तास पुरला असता.

गुपितांचा मुद्दा मला त्याहून गंभीर वाटतो. कंपनीला दोष देणं सोपं आहे, पण तिच्याकडे तपशील मागितले गेले नाहीत हेही खरं. ज्या खोक्यातून मोहिमेची सगळी माहिती जाणार आहे त्याच्या आतला एक आकडा पाहायला मिळणार नसेल, तर निदान तो आकडा नंतर बदलता येईल एवढी अट तरी घालायला हवी होती.

चित्रं वाटून टाकण्याचा निर्णय मात्र मी चूक म्हणणार नाही, निम्मी गेली तरी. दोन्ही चॅनलांवर तीच चित्रं पाठवली असती तर जास्तीत जास्त साडेतीनशेच मिळाली असती, म्हणजे प्रत्यक्षात मिळाली तेवढीच. वाऱ्याच्या प्रयोगाला एकाच चॅनलवर टांगणं वेगळं. तिथे तो एक आदेश म्हणजे अख्खा प्रयोग होता, आणि तशा आदेशाची पाठवण्याआधी स्वतंत्र उलटतपासणी व्हायला हवी होती. पुन्हा तीच जागा आहे: यंत्र कॅसिनीवर, आदेश कॅसिनीच्या क्रमात, गरज हायगेन्सच्या टीमची. २००१ चा कृतिगट संयुक्त होता आणि त्यानं काम चोख केलं, पण तो बसला होता एका दोषासाठी. दोन घरांमधल्या त्या बोळाची झडती कुणी घेतली नाही.

कॅसिनी पुढे १२ वर्षं काम करत राहिलं आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात जळून संपलं. हायगेन्सचा रिसीव्हर तेव्हाही त्याच्यावरच होता. १४ जानेवारीनंतर त्याला कुणी काही ऐकवलं नव्हतं, आणि आतला तो आकडा १९९७ साली होता तेवढाच होता.